पारावतविनोद आणि समाह्वय

साशंक : बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद अशा मराठी, कन्नड आणि दखनी एकत्र नांदणाऱ्या तालुक्यांत, गच्चीवर लाकडी खणांची ढाबळ उभारून कबुतरे पाळण्याचा जो शौक आहे, त्याला साधा आणि निर्मळ आनंद म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. पाळणारा पक्ष्याला दाणा, पाणी आणि निवारा देतो हे खरे. परंतु त्याच पक्ष्याला तो टोपलीत घालून तीस-चाळीस किलोमीटर दूर नेतो, अनोळखी माळावर सोडतो, आणि पक्षी जीव घेऊन घरी पोहोचला की स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. वाटेत शिक्रा आहे, बहिरी ससाणा आहे, विजेच्या तारा आहेत, संक्रांतीच्या दिवसांत पतंगांचा मांजा आहे. ज्या खेळात धोका सगळा एका बाजूला आणि सुख सगळे दुसऱ्या बाजूला, त्या खेळाला निर्मळ म्हणण्यापूर्वी पक्ष्याच्या बाजूने एकदा हिशेब मांडला पाहिजे.

शौकीन : हिशेब अवश्य मांडावा, पण त्याआधी कोणत्या शौकाविषयी बोलणे चालले आहे हे ठरवले पाहिजे, कारण कबूतरबाजी या एका नावाखाली निदान तीन वेगळे छंद येतात. लक्का, म्हणजे शेपटीचा पंखा उभारणारे कबूतर, किंवा शिराजी ही जात केवळ रूपासाठी पाळली जाते. गिरेबाज हा उंच उडणारा पक्षी. तो आपल्याच गच्चीवर तासन्‌तास घिरट्या घालतो, आणि दख्खनच्या जुन्या शहरांत कबूतरबाजी म्हटले की प्रथम तोच डोळ्यांसमोर येतो. तिसरा होमर, म्हणजे दूरवर सोडले असता आपल्या ढाबळीकडे परतणारा पक्षी. त्याची आजची जात एकोणिसाव्या शतकात मुख्यतः बेल्जियममध्ये घडली आणि पुढे जगभर गेली. या संवादाचा विषय होमर आहे. तरीही कबुतराशी माणसाची रमण्याची रीत या भूमीत परकी नाही. आजचे बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, ज्याचा उल्लेख त्यातील मराठी पद्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही होतो. राजाच्या करमणुकीचे प्रकार सांगताना त्याने पारावतविनोद, म्हणजे कबुतरांचे मनोरंजन, हाही एक प्रकार नोंदवला आहे. शेतीपासून संगीतापर्यंत सर्व विषय हाताळणाऱ्या ग्रंथात कबुतराला जागा मिळाली, यावरून हा छंद रिकामटेकड्यांचा नाही एवढे तरी मान्य व्हावे.

साशंक : सोमेश्वराचा आधार घ्यायचा तर त्याने कबुतराला कोणाच्या शेजारी बसवले तेही पाहावे लागेल. मानसोल्लासात पारावतविनोदाचे शेजारी म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी, एडक्यांच्या आणि रेड्यांच्या टकरी, आणि पुढे श्येनविनोद, म्हणजे ससाण्याकरवी केलेली शिकार. हे शेजार बोलके आहे. शिवाय त्याच कल्याणीत, सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य राज्य करीत असताना, त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, जी पुढे देशाच्या मोठ्या भागात हिंदू वारसाहक्काचा आधार ठरली. त्या स्मृतीत द्यूतसमाह्वय नावाचे प्रकरण आहे. फाशांसारख्या निर्जीव साधनांनी पैज लावून खेळणे ते द्यूत, आणि जिवंत प्राण्यांवर पैज लावणे तो समाह्वय. मनूने राजाला दोन्ही बंद करण्यास सांगितले. याज्ञवल्क्याने ती राजाच्या देखरेखीखाली चालू दिली आणि अड्डा चालवणाऱ्या सभिकाचा शेकडा पाच किंवा दहा असा वाटाही ठरवला. पित्याच्या दरबारात ज्याला समाह्वय म्हटले गेले त्याला पुत्राच्या ग्रंथात विनोद हे नाव मिळाले. आज होमरच्या शर्यतीवर बक्षीस असते, बक्षिसाच्या आडून पैज असते, आणि पक्ष्याच्या वंशावळीला बाजारभाव असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू किम नावाची बेल्जियमची मादी १६ लाख युरोंना विकली गेली. या पैशाचा आणि साध्या आनंदाचा संबंध काय, हे स्पष्ट झाले पाहिजे.

शौकीन : संबंध नाही, आणि नसावा. बंगळूर-चेन्नईच्या क्लबांत शर्यती चालतात, तेथे प्रत्येक ढाबळीचे अंतर वेगळे असल्यामुळे आधी कोण पोहोचले यापेक्षा मिनिटाला किती मीटर वेग पडला यावर निकाल लावतात, आणि त्या गणितात रस घेणारे लोक पुष्कळ आहेत. पण सीमाभागातील खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे दहा-वीस पक्षी आहेत त्याचा दिवस शर्यतीवर चालत नाही. तो चालतो दाण्यावर. पहाटे ढाबळीचे दार उघडण्यापूर्वीच आतल्या घुमण्यावरून कोण अस्वस्थ आहे, कोणती जोडी घरट्याच्या जागेवरून भांडते आहे, कोणाचा आवाज आज ऐकू येत नाही, हे त्याला कळते. ज्वारी, बाजरी, मका, मूग, मटकी, तूर हा दाणा येथे घरचाच. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले ते उगाच नाही. पिले असताना डाळवर्गीय दाणा वाढवायचा, उडवण्याच्या दिवसांत मका आणि ज्वारी वाढवून पोट हलके ठेवायचे, सोबत विटेचा चुरा आणि चुनखडीचे बारीक खडे द्यायचे, कारण कबुतराला दात नाहीत आणि पेषणीत दाणा दळण्यासाठी त्याला खडे लागतात. मग पक्षी हातात घेण्याची कला आहे: दोन्ही पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पंखांची टोके अंगठ्याखाली, छाती तळहातावर. असा धरला की त्याचे वजन, छातीच्या हाडावरचे मांस, पिसांवरची पांढरी भुकटी, सगळे एका स्पर्शात समजते. पंख उलगडून दहा मोठी पिसे मोजायची, कोणते गळाले आणि कोणते नवे येते आहे ते पाहायचे. ज्याने हे केले आहे त्याला न्यू किमच्या किमतीशी देणेघेणे उरत नाही.

आणि घरटे. मादी दोन अंडी घालते. सतरा-अठरा दिवस दोघे आळीपाळीने बसतात, दिवसाच्या मधल्या प्रहरी नर आणि उरलेला वेळ मादी. पिलू बाहेर आले की पहिले काही दिवस त्याला दाणा चालत नाही. आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातील पिशवीत, म्हणजे अन्ननलिकेच्या फुगीर भागात, एक दाट, चरबीयुक्त, दह्यासारखा स्राव तयार होतो, त्याला कबुतराचे दूध म्हणतात, आणि पिलू आपली चोच आईबापाच्या चोचीत घालून ते पिते. पिता दूध पाजतो असे पक्ष्यांत क्वचितच आढळते. हे रोज पाहणाऱ्या माणसाचे पक्ष्याशी जे नाते जुळते ते पैजेच्या नात्याहून वेगळे असते, एवढेच म्हणणे आहे.

साशंक : हे वर्णन खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि ते ऐकताना मन पालटते हेही मान्य करावे लागेल. परंतु याच वर्णनातून दुसरा आक्षेप निघतो आणि तो पहिल्याहून जड आहे. शौकिनांच्या बोलण्यात परतणारा पक्षी नेहमी निष्ठावान असतो. तो मालकाच्या प्रेमाने येतो असे सुचवले जाते. प्रत्यक्षात तो कशासाठी येतो? पोटात भूक ठेवलेली असते म्हणून येतो, घरट्यात अंडी किंवा पिले असतात म्हणून येतो. शर्यतीची एक प्रसिद्ध पद्धत अशी की नर आणि मादी काही दिवस वेगळे ठेवायचे, सोडण्यापूर्वी क्षणभर एकत्र आणायचे, आणि मग नराला दूर नेऊन सोडायचे, म्हणजे तो जोडीदारासाठी जिवाच्या आकांताने उडतो. ज्या घरट्याचे इतके कौतुक झाले तेच घरटे ओलीस ठेवले जाते. ओडिशा पोलिसांची कबूतर डाकसेवा १९४६ मध्ये सैन्याकडून मिळालेल्या पक्ष्यांवर सुरू झाली आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारायंत्रे बंद पडली तेव्हाही उपयोगी आली. त्या सेवेत पक्षी जाऊन परत यावा यासाठी दाणा एका ठाण्यावर आणि घरटे दुसऱ्या ठाण्यावर ठेवण्याची युक्ती वापरीत. संदेशवाहक कबूतर पत्ता वाचून कोठेही जाते हा लोकांचा समज आहे. ते फक्त घरी जाते, आणि माणूस त्याच्या घराचा व भुकेचा उपयोग करून घेतो. उपयोग करणे गुन्हा नाही, पण मग त्याला निष्ठा म्हणू नये.

शौकीन : निष्ठा म्हणू नये, हे मान्य. अनुभवी पाळणारेही तो शब्द सैलपणे वापरतात. पण भूक आणि घरटे ही परतण्याची कारणे झाली. परतण्याची क्षमता त्यांतून निघत नाही. बंद टोपलीतून नेलेला पक्षी अनोळखी जागी सुटतो, एखाद-दुसरी फेरी घेतो आणि दिशा धरतो, हे कसे घडते याचा शोध दीर्घकाळ चालला आहे. गुस्ताव क्रेमर याने १९५० च्या दशकात पक्षी सूर्याचा होकायंत्रासारखा उपयोग करतात हे दाखवले. विल्यम कीटन याने १९७१ मध्ये असे प्रसिद्ध केले की कबुतरांच्या अंगावर लहान लोहचुंबक बांधले असता ढगाळ दिवशी ती गोंधळतात, पण सूर्य दिसत असला की गोंधळत नाहीत. म्हणजे एक साधन बिघडले तर दुसरे आहे. इटलीत पिसा येथे फ्लोरियानो पापी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून असे मांडले की वाऱ्याबरोबर येणाऱ्या गंधांचा एक नकाशा पक्षी ढाबळीत बसल्या बसल्या तयार करतो. चोचीत लोहकणांच्या चेतापेशी आहेत असे बराच काळ मानले जात होते. २०१२ मध्ये त्या पेशी रोगप्रतिकारक यंत्रणेतील साध्या भक्षकपेशी असल्याचे दिसून आले आणि तो तर्क मागे पडला. ओळखीच्या प्रदेशात कबुतरे रस्ते आणि नद्यांच्या कडेने उडतात हेही यंत्रे बांधून पाहिले गेले आहे. एवढे होऊनही कोणते एक साधन मुख्य, यावर एकमत नाही. सीमाभागातील एका गच्चीवर संध्याकाळी पश्चिमेकडे डोळे लावून बसणारा माणूस या न सुटलेल्या प्रश्नासमोर बसलेला असतो. ठिपका दिसतो, पंख आवळून खाली येतो, उतरण्यासाठी उभारलेल्या छतरीवर बसतो. हा आनंद मालकीचा कमी आणि आश्चर्याचा अधिक आहे.

यात एक प्रादेशिक गोष्टही आहे, जी येथील माणसालाच जाणवते. नव्या पक्ष्याला आधी दोन, मग पाच, दहा, वीस, पन्नास किलोमीटर असे टप्प्याने आणि वेगवेगळ्या दिशांनी सोडावे लागते. बीदरहून सरळ रेषेत जहीराबाद तीस किलोमीटरच्या आत आहे, उदगीर सुमारे सत्तर, कलबुर्गी शंभराच्या आसपास. निजामाच्या राज्यात जहीराबाद आणि उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या जिल्ह्याचे तीन वाटे झाले, अहमदपूर, निलंगा आणि उदगीर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूर राज्यात. कोणाचे मामाचे गाव कोणत्या राज्यात पडले याची सल या भागातल्या घराघरांत आहे. उदगीरला सोडलेला पक्षी तासाभरात बीदरला येतो. त्याला त्या सीमेशी कर्तव्य नाही. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला आहे, आणि म्हणून त्याला ते पाहणे आवडते. पक्ष्यावर आपली भावना लादणे म्हणून याला दोष देता येईल, तरी ती भावना खरी आहे.

साशंक : ती भावना खरी असल्याबद्दल वाद नाही. परंतु आश्चर्याचा आनंद दुसऱ्याच्या श्वासावर येत असेल तर त्याचाही विचार हवा. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून जे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले त्याच्या मुळाशी आरोग्याचाच प्रश्न होता: विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना अतिसंवेदनशीलतेची सूज येते, आणि ती वाढत गेल्यास फुप्फुस कायमचे कडक होते. बीदरला तर हवाई दलाच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. त्या आकाशात थवे उडवणे हा खाजगी छंद राहत नाही.

शौकीन : दोन्ही गोष्टी योग्य आहेत आणि दोन्हींचे उत्तर शिस्तीत आहे. उघड्यावर दाणा टाकून हजारो रानटी पारवे गोळा करणे आणि मोजके पक्षी स्वच्छ ढाबळीत ठेवणे यांत मोठे अंतर आहे. विष्ठा रोज खरवडली, हवा खेळती ठेवली, साफसफाईच्या वेळी तोंडाला फडके बांधले तर धूळ फार कमी होते, आणि ज्याला दमा आहे त्याने हा नाद करू नये. विमानतळाजवळ ढाबळ नसावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

साशंक : मग मूळ मुद्द्याकडे यावे, कारण आतापर्यंत परतणाऱ्या पक्ष्याविषयीच बोलणे झाले, न परतणाऱ्याविषयी नाही. १९९७ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या कबूतर शर्यत संघटनेच्या शताब्दीनिमित्त फ्रान्समधील नांतहून सुमारे साठ हजार पक्षी सोडले गेले आणि त्यांतले हजारो कधीच घरी पोहोचले नाहीत. स्वनातीत काँकर्ड विमानाच्या आवाजाच्या लाटेने ते भरकटले असावेत असा एक तर्क पुढे मांडला गेला. ती फार मोठी घटना झाली. पण प्रत्येक ढाबळीची स्वतःची लहानशी नांत असतेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लीकट्टूच्या निकालात प्राण्याचे आयुष्य माणसाच्या उपयोगापलीकडेही मोलाचे आहे असे मानले. पुढे कायदे बदलले आणि त्या खेळांना परवानगी मिळाली, म्हणून तो विचार खोटा ठरला असे नाही. तेव्हा विचारावे लागते, की अंतर वाढवत नेण्याची गरज कोणाची आहे? दहा किलोमीटरवरून आलेला पक्षी आश्चर्य वाटायला पुरत नाही काय?

शौकीन : पुरतो. या ठिकाणी शौकाला स्वतःची मर्यादा आखून घेता येते. ज्या अंतरावरून निरोगी पक्षी त्याच दिवशी, दिवस मावळण्यापूर्वी परत येईल, त्यापुढे जाऊ नये. वादळी हवेत, ढगांत, पिसे गळण्याच्या काळात आणि मांजाच्या दिवसांत सोडू नये. अशा मर्यादेत समाह्वय उरत नाही, विनोद उरतो. पक्षी रोज मोकळा सुटतो, त्याला न येण्याची मुभा असते आणि तो येतो. कोंबड्याच्या झुंजीत किंवा पिंजऱ्यातल्या पोपटात ही मुभा नाही. होमर पाळण्याचे समर्थन एका वाक्यात करायचे तर ते या मुभेवर उभे आहे.

साशंक : मुभेवर उभे असेल तर ढाबळीच्या आतल्या बाजूस जी कोठडी असते तिचे काय? चांगला वंश हवा म्हणून शौकीन दुसऱ्या गावाहून प्रौढ होमर विकत आणतो. तो पक्षी सोडता येत नाही, कारण सुटला की तो आपल्या जुन्या घरी निघून जातो, कधी कधी वर्षानंतरही. म्हणून त्याला जन्मभर जाळीच्या आत ठेवून फक्त त्याची पिले घेतली जातात. घराकडे परतण्याचा गुण ज्याच्यात सर्वांत पक्का, त्यालाच त्या गुणापायी आयुष्यभर कैद, आणि त्याच्या मुलांच्या परतण्याचे कौतुक. पायातल्या कडीवरचा क्रमांकही हेच सांगतो: भरकटलेला पक्षी दुसऱ्याच्या ढाबळीत उतरला आणि तेथेच रमला, तर क्रमांक पाहून तो मालकाला परत दिला जातो. न येण्याची मुभा होती, असे मग कसे म्हणावे?

शौकीन : हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. जुन्या कबूतरबाजीत दुसऱ्याचा पक्षी आपल्या थव्यात ओढून घेणे हा खेळाचाच भाग होता आणि त्यावरून भांडणे होत. कडीचा क्रमांक आला तो त्यावर उपाय म्हणून. भरकटून आलेल्या पक्ष्याला दोन दिवस दाणापाणी आणि विश्रांती देऊन मोकळे सोडावे, आणि मग तो कोठे जातो ते त्याच्यावर सोपवावे, अशी रीत पाळणारे लोक आहेत. ती रीत सर्वांनी धरली तर मुभेला अर्थ येईल; पण त्यासाठी स्वतःचा आवडता पक्षी दुसऱ्याच्या छतरीवर बसलेला पाहून गप्प राहावे लागेल, आणि ते फार थोड्यांना जमेल. कोठडीबाबत एक उपाय आहे. प्रौढ पक्षी आणण्याऐवजी उडू न लागलेले पिलू आणावे. ते ज्या छपरावरून पहिले उड्डाण करते त्यालाच घर मानते.

साशंक : म्हणजे जे पिलू आईबापाच्या चोचीतून दूध पिते असे मघाशी सांगितले गेले, ते त्यांच्यापासून तोडून आणावे.

शौकीन : ते स्वतः दाणे टिपू लागेपर्यंत थांबता येते, चार आठवड्यांच्या सुमारास, उशीर झाला तर मात्र ते जुन्या छपराचे होते, म्हणून ही मुदत अगदी अरुंद असते. किंवा पिलाऐवजी अंडी आणता येतात. ज्या जोडीने त्याच दोन दिवसांत अंडी घातली आहेत तिच्याखाली ती ठेवली की ती जोडी आपली समजून उबवते, आणि तिची अंडी पहिल्या घरी नेऊन ठेवली तर कोणतेच घरटे रिकामे राहत नाही.

साशंक : घरटे रिकामे राहत नाही, कारण पक्ष्याला बदल ओळखता येत नाही. शंभर किलोमीटरवरून आपले छप्पर ओळखणाऱ्या जिवाला आपले अंडे ओळखता येत नाही, यावर या साऱ्या मुभेचा पाया ठेवायचा काय?

शौकीन : तेवढ्यावर ठेवता येणार नाही. पण त्या अंड्यातून निघणारे पिलू कोठडीत वाढणार नाही, आणि त्याचा दूरगावचा आजा कोणाच्या जाळीत अडकणार नाही. दोन पिढ्यांची कैद टाळण्यासाठी एका जोडीची फसवणूक चालेल की नाही, हे ठरवणे मुभेच्या तत्त्वाने शक्य नाही. त्यासाठी कबुतराला काय खुपते हे अधिक नेमके माहीत असावे लागेल, आणि ते कळेपर्यंत बाहेरगावचा प्रौढ पक्षी विकत घेऊ नये, एवढा एक नियम आजपासून करता येईल.

साशंक : आणि जे आधीच जाळीत आहेत त्यांचे?

शौकीन : त्यांना सोडले तर ते जातील, काही पोहोचतील, काही वाटेत मरतील. ठेवले तर जगतील, पण उडणार नाहीत.